डायपरच्या आधी पोट तपासा

या महिन्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तींच्या लघवी-संडासच्या अडचणींबद्दल आलेली पाच पत्रं घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ती माणसं मोठी आहेत आणि विषय त्यांच्या अंगाचा आहे. यातल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य थोड्याफार फरकानं येतं : ‘असं मूल म्हटल्यावर हे चालायचंच, असं सगळे म्हणतात.’ आम्हाला ते मान्य नाही. बौद्धिक अक्षमतेमुळे शिकायला वेळ लागतो हे खरं, पण कपडे ओले किंवा खराब होण्यामागे पुष्कळदा वेगळं, शोधता येण्यासारखं आणि बरं होण्यासारखं कारण असतं.

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. सहा महिन्यांपासून त्याची चड्डी दिवसातून चार-पाच वेळा पातळ शीनं खराब होते. जुलाब समजून गोळ्या दिल्या, इसबगोलही दिलं. थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तो जातो त्या दिव्यांगांच्या कार्यशाळेतल्या ताई म्हणतात, डायपर घालूनच पाठवा. डायपर लावला की तो ओढून काढतो. काय करू? (आई, डोंबिवली)

तुम्ही लिहिलेलं वर्णन जुलाबाचं कमी आणि तुंबलेल्या पोटाचं जास्त वाटतं. ऐकायला उलटं वाटेल, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग एरवी बहुतेक वेळ रिकामा असतो. तिथे मळ उतरला की ताण जाणवतो आणि आपण संडासला जातो. दुखतं म्हणून, संडासची भीती वाटते म्हणून किंवा वेळेवर सांगता आलं नाही म्हणून कुणी तो धरून ठेवला, तर शरीर त्यातलं पाणी शोषत राहतं. मळ कडक होतो, त्याचा खडा बनतो. आतडं ताणलं जातं आणि ताणलेल्या आतड्याची जाणीव बोथट होते. मग वरून येणारा पातळ मळ या खड्याच्या कडेनं झिरपतो. तो बाहेर येतोय हे मुलाला कळतही नाही. त्याला रागावून म्हणूनच उपयोग नसतो.

जुलाब आणि हे झिरपणं यांतला फरक घरी बराचसा ओळखता येतो. झिरपण्यात डाग, चिकट पट्टे किंवा चमचाभर पातळ मळ असतो, भरपूर संडास नसते. आठ-दहा दिवसांतून एकदा प्रचंड जाड खडा पडतो, कधी कमोड तुंबतो. बेंबीच्या खाली डाव्या बाजूला हाताला कडक लागतं. भूक मंदावते, चिडचिड वाढते, मूल पोटावर हात मारून घेतं. तुंबलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, म्हणून पुष्कळदा लघवीवरचा ताबाही त्याच सुमारास सुटतो. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळत असतील, तर लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवणारी गोळी त्याला आणखी देऊ नका. तिनं खडा घट्ट होतो.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या : तारीख, वेळ, किती आणि कसा मळ. ‘कसा’ हे सांगायला ब्रिस्टल तक्ता फार सोयीचा आहे. त्यात सात प्रकार आहेत : पहिला म्हणजे सुट्या लेंड्या, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा चांगला. नुसतं ‘सारखं होतं’ असं सांगितलं की पुन्हा जुलाबाचीच गोळी मिळते. ‘रोज पाच वेळा सातवा प्रकार, पण चमचाभर, आणि नवव्या दिवशी पहिल्या प्रकारचा ढीग’ असं सांगितलं की डॉक्टर पोट दाबून बघतील, गरज वाटली तर एक्स-रे काढतील.

खडा मोकळा करायला बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून देतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि खडा मऊ होतो. मात्रा डॉक्टरच ठरवतील, कारण सुरुवातीची मात्रा मोठी असते आणि नंतर ती कमी करत आणतात. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली अशी, की औषध सुरू झाल्यावर पहिले काही दिवस कपडे आधीपेक्षा जास्त खराब होतात आणि घरचे घाबरून ते बंद करतात. हे दिवस सुट्टीचे निवडा, जाड चादरी जवळ ठेवा आणि तग धरा. दुसरी चूक म्हणजे पोट साफ झालं की औषध थांबवणं. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. तोवर रोजची कमी मात्रा चालू ठेवावी लागते, नाहीतर महिन्याभरात पुन्हा पहिला पाढा.

इसबगोल आता थांबवून डॉक्टरांना विचारा. ते पाण्यात फुगतं. पोट तुंबलेलं असताना, पाणी कमी पिणाऱ्याला किंवा गिळायला त्रास होणाऱ्याला ते दिलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. भाकरी, उसळ, पेरू, पपई चांगलंच, पण त्याबरोबर दिवसाला दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ पोटात जायला हवेत. कोरड्या पोटात नुसता चोथा वाढवला तर खडाच मोठा होतो.

औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही मानसिक आजारांवरची औषधं, अशा औषधांमुळे येणारा ताठरपणा-कंप कमी करणारं ट्रायहेक्सिफेनिडिल, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या या सगळ्यांनी आतडं मंदावू शकतं किंवा मळ कडक होऊ शकतो. ट्रायहेक्सिफेनिडिल तर कित्येकदा वर्षानुवर्षं चालूच राहतं, ते का दिलं होतं हे कुणाला आठवत नसतं. मात्र स्वतःहून काहीही बंद करू नका, फिट्सची औषधं तर नाहीच नाही.

औषधाबरोबर बसण्याची सवय लावा. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं हलतं, म्हणून नाश्त्यानंतर २० ते ३० मिनिटांनी त्याला बसवा. पाच ते दहा मिनिटं पुरेत, त्याहून जास्त बसवलं तर शिक्षा वाटते. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचं बुटकं स्टूल द्या : गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, अंग किंचित पुढे. पाय लोंबकळत असतील तर पोटाला जोर लावता येत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात ही बैठक आपोआप मिळते, फक्त तोल सांभाळायला भिंतीला पक्का दांडा हवा. ‘जोर कर’ हे पुष्कळांना कळत नाही. त्याऐवजी साबणाचे फुगे फुंकायला द्या, फुंकताना पोट आपोआप दाबलं जातं.

पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरणंही थांबलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. बद्धकोष्ठता किरकोळ दुखणं नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली डाउन सिंड्रोम असलेला एक ३३ वर्षांचा तरुण बद्धकोष्ठतेच्या गुंतागुंतीतून दगावला. त्याला लहानपणापासून हा त्रास होता, पण पुढे तो राहत होता तिथे शौचाची नोंद नीट ठेवली जात नव्हती. नोंदवहीबद्दल आम्ही एवढा आग्रह धरतो तो म्हणूनच.

आणि कार्यशाळेला सांगा, की हा उपचाराचा काळ आहे. दोन जोड जास्तीचे कपडे द्या. बसण्याची वेळ तिथल्या ताईंनाही लिहून द्या.

प्रश्न : मुलगी ३१ वर्षांची, मध्यम स्वरूपाची अक्षमता. दिवसातून चार-पाच वेळा कपडे ओले करते. विशेष शाळेत असताना खूप प्रयत्न झाले, मग सोडून दिलं. आता या वयात ती शिकेल का? आम्ही तिला दर अर्ध्या तासानं नेतो, तरी बाहेर आल्यावर लगेच करते. (वडील, सांगली)

शिकण्याची दारं वयानं बंद होत नाहीत. १९७१ साली अमेरिकेत नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी संस्थेत राहणाऱ्या, तीव्र अक्षमता असलेल्या प्रौढांना शौचालय वापरायला शिकवून दाखवलं. त्यांच्या पद्धतीत चुकीबद्दल कठोर वागणूकही होती, ती आज कुणी करू नये. वेळ बांधणं, कोरडेपणाचं लगेच कौतुक आणि नेमकी नोंद हा भाग मात्र आजही उपयोगी आहे.

आधी तीन तपासण्या. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतुसंसर्ग शोधणारी तपासणी), रक्तातली साखर, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते हे बघणारी सोनोग्राफी. बरीच लघवी उरत असेल तर मूत्राशय रिकामंच होत नाहीये. ‘बाहेर आल्यावर लगेच करते’ याचं ते एक कारण असू शकतं. पोट साफ आहे का, हेही वरच्या उत्तराप्रमाणे पाहा.

यात काही निघालं नाही, तर अर्ध्या तासानं नेणं थांबवा. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते आणि पहिली जाणीव दीड-दोनशे मिलीच्या आसपास होते. अर्ध्या तासात तेवढी साठतच नाही. भरल्याची जाणीव झाली नाही, तर जाणीव आणि संडासची जागा यांची गाठ तिच्या डोक्यात कशी बसणार? वर ती कंटाळते.

सात दिवस फक्त नोंद करा, काही शिकवू नका. दर तासाला कोरडी की ओली, आणि काय किती प्यायली. पेल्याचं माप एकदा करून ठेवा, चहाचा कप आणि पाण्याचा पेला यांत दुपटीचा फरक असतो. समजा, ती ९.१०, ११.२०, १.१५ आणि ३.३० ला ओली झाली. मधली अंतरं २ तास १० मिनिटं, १ तास ५५ मिनिटं आणि २ तास १५ मिनिटं. सगळ्यात कमी अंतर घ्या, त्यातून १५ मिनिटं वजा करा : १ तास ४० मिनिटं. ही तिची वेळ. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर आणि बाहेर पडण्याआधी एकेकदा वेगळं न्या. तीन ते पाच मिनिटांत झाली नाही तर उठवा, वीस मिनिटांनी पुन्हा न्या.

शब्द एकच ठेवा. आपल्या घरांत आई ‘शू’ म्हणते, आजी ‘मोरीत जाऊन ये’ म्हणते, कार्यशाळेत ‘बाथरूम’ म्हणतात, आणि आंघोळीलाही बाथरूमच. तिच्यासाठी हे चार वेगळे आदेश आहेत. एक शब्द, एक खूण आणि शक्यतो एक वस्तू ठरवा. नेण्याआधी तिच्या हातात तिचा ठरलेला रंगीत मग दिला, तर न बोलणाऱ्या व्यक्तीलाही काही आठवड्यांत कळतं की मग म्हणजे संडास. पुढे तो मग ती स्वतःच आणून दाखवायला लागते, आणि सांगणं सुरू होतं ते तिथून.

मग ती नेमकी कुठे अडते ते बघा. दार, कडी, नाडी, कपडे खाली करणं, बसणं, धुणं, कपडे वर घेणं, पाणी टाकणं, हात धुणं. कित्येक मुली सलवारीच्या नाडीपाशी हरतात : गाठ सुटेपर्यंत झालेली असते. कमरेला इलॅस्टिक लावलं की निम्मं काम होतं. मागून पुढे शिकवत या. पहिल्या आठवड्यात सगळं तुम्ही करा, फक्त हात धुणं तिचं. ते जमलं की पाणी टाकणंही तिचं. शेवट स्वतः केल्याचं समाधान तिला दर वेळी मिळतं. काहींना जागेचीच भीती असते : ओली निसरडी फरशी, अंधार, फ्लशचा अचानक होणारा आवाज. फ्लश ती बाहेर आल्यावर करा, दिवा लावा, फरशी कोरडी ठेवा.

कोरडी राहिली किंवा जागेवर केली तर त्याच क्षणी तिला आवडणारं काहीतरी : टाळी, गाण्याची एक ओळ, शेंगदाण्याचे दोन दाणे. कपडे ओले झाले तर न बोलता, चेहरा न बदलता ते बदलायला मदत करा, जमेल तेवढं तिला करू द्या. पाणी तोडू नका. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते, शिवाय पोट तुंबतं ते वेगळंच.

चार आठवड्यांनी नोंदी पुन्हा ताडून बघा. दहापैकी आठ वेळा कोरडी असेल तर अंतर १५ मिनिटांनी वाढवा. काहीच फरक नसेल तर आधी हे विचारा, की कार्यशाळेत तीच वेळ आणि तोच शब्द पाळला जातोय का. आमच्या मते ही योजना फसते ती बहुतेकदा मुलीमुळे नाही, घर आणि कार्यशाळा यांच्यातल्या सांध्यात.

प्रश्न : भाऊ ४७ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. आजवर सगळं स्वतः करायचा. तीन महिन्यांपासून कपड्यात लघवी होते, कधी बाथरूमऐवजी स्वयंपाकघरात जातो. वय झालं म्हणून असेल का? की मुद्दाम करतोय? (बहीण, नाशिक)

मुद्दाम नाही. जमत असलेली गोष्ट सुटली की तिला आजाराचं लक्षण समजूनच चालायचं.

चाल बदलली आहे का, पाय अडखळतात का, मान वाकडी धरतो का, हातातून वस्तू पडतात का? यातलं काहीही असेल तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. तिथे मज्जारज्जू दाबला गेला तर लघवीवरचा ताबा जातो. नेताना मानेला हिसका बसू देऊ नका आणि डॉक्टरांना ‘डाउन सिंड्रोम आहे, मान बघा’ हे स्पष्ट सांगा.

तसं नसेल तर याच आठवड्यात थायरॉइड, साखर, लघवी, प्रोस्टेट, पोट आणि डोळे तपासून घ्या. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं आणि मोतीबिंदू दोन्ही पुष्कळ आढळतं, आणि नीट न दिसणारा माणूसही चुकीच्या खोलीत जातो. हे सगळं ठीक निघालं तर स्मृतिभ्रंशाचा विचार करावा लागेल. अल्झायमरशी जोडलेल्या एका प्रथिनाचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतं आणि डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र एक जास्तीचं असतं, म्हणून हा आजार चाळिशी-पन्नाशीतच दिसू शकतो. तसं निदान झालं तर शिकवण्यापेक्षा वाट सोपी करा. संडासचं दार उघडं आणि दिवा रात्रभर चालू ठेवा, दारावर कमोडचा फोटो लावा. पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड त्याला दिसत नसेल, तर गडद निळी किंवा लाल बैठक बसवा.

आणखी एक शक्यता लिहिणं जड जातं, पण लिहायला हवं. ठराविक माणूस किंवा ठराविक जागा आली की तो घाबरतो, आंघोळीला अंगाला हात लावू देत नाही, असं काही असेल तर त्याच्याशी कुणी वाईट वागत नाही ना, हे बघा. डॉक्टरांशी हे एकांतात बोला.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा, फक्त रात्री ओलं होतं. डायपर लावतो, तरी गळतो आणि जांघेत लाल चट्टे येतात. दोन डायपर लावून पाहिले. (आई, कोल्हापूर)

दोन डायपरनी काही साधत नाही. आतल्याच्या प्लॅस्टिकमधून बाहेरच्यात पाणी जातच नाही, फक्त उष्णता वाढते. गळती बहुधा मोठ्या मापामुळे होते. कंबर आणि नितंब दोन्ही मोजा, जो आकडा मोठा त्यावरून माप घ्या. लावण्याआधी डायपर लांबीत दुमडून पन्हाळीसारखा करा, लिंग खालच्या दिशेला ठेवा, खालच्या पट्ट्या किंचित वर आणि वरच्या किंचित खाली ओढून चिकटवा. मांडीच्या कडा आत दुमडलेल्या राहिल्या तर तिथूनच गळतं.

पावडर बंद करा, तिचे गोळे होऊन घासतात. कोमट पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, मग झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावा. जाड थरानं डायपर पाणी शोषत नाही. चट्ट्याच्या कडेला बारीक लाल ठिपके असतील तर ती बुरशी असू शकते, वेगळं औषध लागतं. गादीवर मेणकापड आणि त्यावर सुती चादर घाला.

पण कारण शोधल्याशिवाय डायपरवर थांबू नका. सकाळी जिभेला चावा, अंगदुखी, गळून गेल्यासारखं दिसतंय का? रात्री फिट येत असेल. मोठ्यानं घोरतो, मध्येच श्वास अडखळतो का? झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्यानंही रात्री लघवी जास्त बनते. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट किंवा क्लोझापिन चालू आहे का? त्यांनीही रात्री ओलं होऊ शकतं. तीन रात्री ओल्या डायपरचं वजन करून त्यातून कोरड्याचं वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. हा आकडा डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. त्यांनी रात्री लघवी कमी बनवणारं डेस्मोप्रेसिन दिलं, तर गोळीच्या आधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी जवळजवळ बंद ठेवावं लागतं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायक रीतीनं उतरतं. मुलगा रात्री उठून स्वतः पाणी पीत असेल तर ही गोष्ट आधीच सांगा.

वापरलेला डायपर संडासात टाकू नका. मळ संडासात झटकून, कागदात गुंडाळून, वेगळा द्या. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढून देण्याची पद्धत आहे, ती कुठेही करण्यासारखी आहे. कचरा उचलणाऱ्या ताईंना पुडी उघडून बघावी लागत नाही.

प्रश्न : एसटीनं पाच तासांचा प्रवास आहे. पाणी बंद ठेवावं का? आणि तपासण्यांच्या खर्चाला काही मदत मिळते का? (वडील, लातूर)

पाणी बंद नको. निघण्याआधी अर्धा तास पेलाभर, निघताना लघवी, मग वाटेत घोट-घोट. चहा आणि थंड पेयं टाळा. पुढची जागा घ्या, थांबा कुठे आणि किती वेळ हे वाहकांना आधी विचारून ठेवा. पिशवीत एक पूर्ण जोड, ओला टॉवेल, घट्ट बंद होणारी पिशवी आणि मुलगा असेल तर झाकणाचं युरिन पॉट ठेवा. कपडे बदलायची वेळ आली तर आडोशाला चादर धरा आणि आधी त्याला सांगा : ‘आता चड्डी बदलूया.’ न सांगता कुणी कपड्याला हात घातला तर मोठा माणूस प्रतिकार करणारच.

खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, वयाचंही बंधन नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. ते बऱ्याच घरांत राहून जातं. तपासण्यांची आणि औषधांची मूळ बिलं, तारखेसह, नोंदवहीच्या मागच्या पानांवर चिकटवून ठेवा.